बँकॉकच्या फूड कोर्टाचा तो फॉरवर्ड आणि दिवसभर उपाशी राहिलेली माझी आत्या

परवा रात्री साडेनऊला आत्याचा बँकॉकहून व्हिडिओ कॉल आला. चेहरा एवढासा झालेला. म्हटलं काय गं झालं, तर म्हणे सकाळपासून दोन खाकरे आणि चार मारी बिस्किटं एवढंच पोटात आहे. शुगरच्या गोळ्या मात्र वेळेवर घेतल्यात! ग्रुपबरोबर दिवसभर टर्मिनल २१ मॉलमध्ये होती, म्हणजे जिथे पाचव्या मजल्यावर पिअर २१ नावाचं अख्खं फूड कोर्ट आहे तिथे, आणि उपाशी. कारण काय, तर निघायच्या आदल्या दिवशी भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज.

तो तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: बँकॉकच्या मॉलमधल्या फूड कोर्टात चुकूनही जेवू नका. (१) सगळं डुकराच्या चरबीत करतात, (२) प्लेटमागे चमचाभर अजिनोमोटो घालतात त्याने लकवा मारतो, (३) आधी कार्डात पैसे भरून घेतात ते परत मिळत नाहीत, (४) एवढं स्वस्त म्हणजे कालचं उरलेलं, (५) शाकाहारी काहीच नसतं, (६) बर्फ गटाराच्या पाण्याचा. म्हणून दिवसभर सुकं खा आणि रात्री टूरवाल्यांच्या इंडियन हॉटेलातच जेवा. खाली नेहमीप्रमाणे जोडलेले हात आणि 'सर्व ग्रुपवर पाठवा'.

मी ऑफिसच्या कामाने तीन वर्षांत चारदा बँकॉकला गेलेय, दरवेळी उतरायला या मॉलच्याच असोक भागात, आणि अर्ध्याहून जास्त जेवणं याच पिअर २१ मध्ये झालीत. त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं.

कार्डाचं आधी उरकून टाकते. काउंटरवर २०० बाथ दिले की २०० चं कार्ड मिळतं, स्टॉलवर ते लावायचं, निघताना उरलेले पैसे काउंटरवरच परत. लोक परत घ्यायला विसरतात आणि मग घरी येऊन फसवणूक झाली म्हणून सांगतात. बर्फाचं म्हणाल तर मधोमध भोक असलेल्या नळीसारखे तुकडे दिसले की तो कारखान्यातला बर्फ, आणि मला तिथे दुसरा कुठला दिसलेला नाही. आपल्याकडच्या गोळेवाल्याला हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

आता डुकराची चरबी. थाई जेवणात डुक्कर भरपूर आहे, नाकारत नाही, काही स्वयंपाकी परतायला चरबी वापरतातही. पण 'सगळं'? थायलंड पाम तेलात इंडोनेशिया आणि मलेशियाच्या मागोमाग जगात तिसरा आहे, तिथे स्वस्त तेल कुठलं वापरत असतील हे सांगायला नको. आणि बँकॉकच्या मोठ्या फूड कोर्टात हलाल स्टॉल असतात, त्यांच्याकडे खाव मोक काय म्हणून चिकन बिर्याणीचा भाऊ शोभेल असा पिवळा भात मिळतो. ते काय डुकराच्या चरबीत करतात?

स्वस्त म्हणजे शिळं, हे तर गणितच उलटं आहे. बरेचसे पदार्थ ४० ते ७० बाथ, बाथ अडीच-तीन रुपयांना धरा. स्वस्त का, तर वेटर नाही, स्वतःची टेबलं नाहीत, गल्ला मॉलच्या हातात, आणि एकेक स्टॉल दोन-चारच पदार्थ करतो. खाव मन काय वाला सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त उकडलेली कोंबडी आणि तिच्या रश्शात शिजवलेला भात विकतो. दुपारी बाराला आजूबाजूच्या ऑफिसातली थाई पोरं गळ्यात आयकार्ड घालून रांगेत असतात, शिळं उरायला आधी काही उरावं तर लागतं ना! आणि टूरवाल्यांच्या त्या इंडियन हॉटेलात आदल्या रात्री आत्याला माणशी साडेतीनशे बाथ पडले, पनीर बटर मसाला आणि गार नानला. मेसेज कोणाच्या फायद्याचा आहे ते तुम्हीच ठरवा.

अजिनोमोटोवर मात्र थांबते, कारण आत्या घाबरली ती याच मुद्द्याने. ही पावडर म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, थोडक्यात एमएसजी. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातली चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ती अजिनोमोटो नावाने विकायला आली. टोमॅटोत, चीजमध्ये, आईच्या दुधातसुद्धा ग्लुटामेट असतंच. मग भीती कुठून आली? १९६८ मध्ये एका डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवलं की मानेपासून बधीर होतं, अशक्त वाटतं, धडधडतं. सोया सॉस, वाइन, मीठ, ही पावडर, असे सगळेच संशयित त्यांनी मांडले होते, निकाल दिला नव्हता. त्या 'बधीर'चा आपल्या ग्रुपवर येईपर्यंत लकवा झाला!

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, यावर सरळ लिहून ठेवलंय, ज्याला शंका असेल त्याने वाचावं. ते म्हणतात, काही संवेदनशील लोकांना उपाशीपोटी ३ ग्रॅम किंवा जास्त एमएसजी घेतलं तर डोकेदुखी, मुंग्या, धडधड असं थोडा वेळ सौम्य होऊ शकतं. एका सर्व्हिंगमध्ये सहसा असतं अर्ध्या ग्रॅमहून कमी. आणि एरवीच्या अन्नातल्या प्रथिनांतून मोठा माणूस दिवसाला साधारण १३ ग्रॅम ग्लुटामेट खातोच. लकव्याचा उल्लेखही नाही. शिवाय आमची ही आत्या दर शुक्रवारी नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर व्हेज मंचुरियन खाते, तिथे पांढऱ्या डब्यात काय असतं असं तिला वाटतं, पिठीसाखर? तरीही नकोच असेल तर थाईत 'मै साय फोंग चू रोत', ती पावडर नको, म्हणायचं, संपलं.

शाकाहाराच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं, नाइलाज आहे. भाजीच्या डिशमध्येही नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस असतो, ग्रीन करीच्या वाटणात कापी म्हणजे कोळंबीची पेस्ट, पॅड थाई नूडल्समध्ये अंडं आणि सुकी कोळंबी. नुसतं 'व्हेज' म्हणून चालत नाही. पण 'काहीच नाही' हे खोटं. पिवळ्यावर लाल थाई अक्षरात 'जे' लिहिलेला स्टॉल शोधायचा. 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि ऐका, कांदा-लसूणही नाही! म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या आत्याला जे स्वतःच्या सुनेच्या घरी मिळत नाही ते बँकॉकच्या मॉलमध्ये मिळतं. पिअर २१ मध्ये मी गेले तेव्हा असा स्टॉल होता, भातावर दोन-तीन भाज्या-टोफू वाढून देतात.

आणि ज्या गोष्टीला आत्याने खरंच जपायला हवं ती मेसेजमध्ये नाहीच. साखर. पॅड थाईत साखर, सोम तम म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत ताडगूळ, नूडल्सच्या स्टॉलवर मिरची-व्हिनेगरशेजारी साखरेची वाटी ठेवलेली. मँगो स्टिकी राइसचं तर बोलायलाच नको. 'मै साय नाम तान', साखर नको, हे एक वाक्य पाठ करा. त्याऐवजी गोळ्या घेऊन दिवसभर बिस्किटांवर राहा असा सल्ला शुगर असलेल्या ६६ वर्षांच्या बाईला देणारा माणूस डॉक्टर सोडा, शेजारी म्हणूनही नको. रक्तातली साखर एकदम खाली गेली असती तर मॉलमध्ये कोण धावणार होतं, ॲडमिन?

रात्रीच तिला सगळं बोलून दाखवलं, थाई वाक्यं मराठी अक्षरांत लिहून पाठवली. काल दुपारी फोटो आला, 'जे' स्टॉलची प्लेट, अर्धी संपलेली. खाली लिहिलेलं: "टोफू म्हणजे पनीर नव्हे गं. पण भात गरम होता. कार्डातले ऐंशी परत घेतले."