बँड सात आणि माध्यमाचं भांडण

परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीत, बोलण्याच्या परीक्षेत कुणाचा बँड (नवापैकी मिळणारा गुण) घसरला की तिकडे महाराष्ट्रात लगेच निकाल लागतो: मराठी शाळेत घातलं म्हणून. मग क्लासवाले ‘ब्रिटिश अॅक्सेंट’ विकायला मोकळे. इथून, ब्रिटनमधून, ऐकताना हसावं की चिडावं कळत नाही.

परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. निकष चार, चौघांना सारखंच वजन: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चारात आठव्या बँडलाही मातृभाषेची छटा चालते, ऐकणाऱ्याला सहज समजलं म्हणजे झालं.

आपली मुलं अडकतात ती दुसऱ्या भागात. कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. त्या मिनिटात ती पूर्ण वाक्यं लिहीत बसतात. तीनच लिहून होतात, ती वाचून दाखवली की चाळीस सेकंदांत सगळं संपलं. लिहायचे असतात पाच-सहा सुटे शब्द. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं, आणि तिसऱ्या भागात ‘का’, ‘नेहमीच का’ असं खोदून विचारलं की पाठांतर उपयोगी पडत नाही. इंग्रजी माध्यमवाले इथे तरतात म्हणावं, तर तेही ‘बेसिकली, अॅक्चुअली’ करत सुसाट सुटतात आणि मुद्दा हरवतो. विचार करायला थांबलं तर नवव्या बँडलाही चालतं; शब्द शोधायला थांबलं की गुण जातात. पीटीई या संगणकावरच्या चाचणीत तर समोर माणूसच नाही, तीन सेकंद गप्प राहिलात की माइक बंद.

उच्चाराचं काम खरं तर थोडकंच आहे. ‘व्हेट’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठांचा चंबू. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘व्हे’वर, सगळ्या अक्षरांवर सारखा नाही. ‘झाड’ म्हणणाऱ्या पोराला ‘झू’मधला ‘झ’ शिकवावा लागत नाही, हे कुणी सांगत नाही.

इथे हॉस्पिटलात नाईटच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, केरळची सिस्टर, ग्लासगोचा कन्सल्टंट, लागोसचा एचसीए (हेल्थकेअर असिस्टंट). माध्यम कोण विचारतो? एनएमसीला, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या इथल्या संस्थेला, नर्सकडून आयल्ट्सच्या बोलण्यात ७ हवेत, नाहीतर ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी चाचणीत बी ग्रेड. ओईटीत रोलप्ले दोन, प्रत्येकाच्या तयारीला तीन मिनिटं. रुग्णाला मध्येच तोडलं, किंवा ‘धाप लागते’ म्हणायच्या जागी ‘डिस्पनिया’ फेकलं, की गुण गेले. ऐकून घेणं कुठल्या माध्यमात शिकवतात?

आता आमच्याकडे बघा. इथली आमची मुलं शनिवारी मराठी वर्गाला जातात. तेच कार्ड त्यांना मराठीत द्या: एक मिनिट तयारी, दोन मिनिटं बोला, विषय तुमचा शेजारी. विसाव्या सेकंदाला इंग्रजी सुरू होईल. फोनवर आजीशी ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’, एवढंच. माध्यमावर तुम्ही कशाला बोलता, असं तिकडून कुणी म्हटलं की राग येतो. उत्तर मात्र सुचत नाही.