मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपणार? एका फॉरवर्डचा समाचार

हा मेसेज दर काही महिन्यांनी नवा फोटो लावून परत येतो. फुलावर बसलेली मधमाशी, खाली आइन्स्टाइनचं नाव आणि साधारण असा मजकूर: मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणसाच्या हातात फक्त चार वर्षं उरतील, असं आइन्स्टाइनने सांगून ठेवलंय. मोबाइल टॉवरमुळे त्या झपाट्याने नष्ट होत आहेत. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत मधमाशीला पृथ्वीवरचा सर्वात महत्त्वाचा सजीव घोषित करण्यात आलं आहे. विज्ञानाच्या नियमाप्रमाणे तिला उडताच यायला नको, तरी ती उडते. आणि तिचा मध कधीच खराब होत नाही.

हेतू चांगला दिसतो, म्हणून सहसा कुणी उलटून बोलत नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरतं. वाईट म्हणजे, ज्या माश्या खरोखर संकटात आहेत त्यांचा या अख्ख्या मजकुरात उल्लेखसुद्धा नाही.

“आइन्स्टाइन म्हणाला होता”

हा मुद्दा चटकन संपवू. आइन्स्टाइन १९५५ मध्ये वारला. त्याच्या लेखनात, पत्रांत किंवा भाषणांत हे वाक्य कुणाला सापडलेलं नाही. ते खरं गाजलं १९९४ मध्ये, ब्रसेल्सला मधपाळांनी काढलेल्या मोर्चातल्या पत्रकांमुळे. मोर्चा होता बाहेरून येणाऱ्या स्वस्त मधाविरुद्ध. मागणी रास्त असेलही, पण साक्षीदार भलताच उभा केला. आणि समजा, तो खरंच तसं म्हणाला असता, तरी परागीभवनाच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण का मानायचा?

“चार वर्षांत माणूस संपेल”

जगाचं पोट मुख्यतः गहू, तांदूळ आणि मका यांवर भरतं. ही तिन्ही गवतं. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात. गहू आणि भात बहुतांशी स्वतःचं स्वतःच उरकतात. या पिकांना माशीची गरजच नाही.

२००७ मध्ये जगातल्या ११५ प्रमुख पिकांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७ पिकांना कीटक, पक्षी, वटवाघळं अशा प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक फायदा होतो. मेसेज लिहिणारे एवढाच आकडा उचलतात. त्याच आढाव्यात पुढे असंही आहे की वजनाने पाहिलं तर सुमारे ६० टक्के उत्पादन प्राण्यांची गरज नसलेल्या पिकांतून येतं, आणि प्राण्यांशिवाय ज्यांचं अगदीच अडतं अशी पिकं फक्त १३. पिकांचे प्रकार मोजले तर चित्र एक दिसतं, पोती मोजली तर दुसरंच. दोन वर्षांनी आलेल्या एका अंदाजानुसार सगळेच परागवाहक प्राणी गायब झाले, तरी जगाचं शेती उत्पादन ५ ते ८ टक्क्यांच्या आसपास घटेल. हे लहान नुकसान नव्हे. फळं, बदामासारखा सुकामेवा, कितीतरी भाज्या आणि तेलबिया यांना मोठा फटका बसेल, आणि जीवनसत्त्वं नेमकी त्यांतूनच मिळतात. कुपोषण वाढेल, अन्न महाग होईल. पण चार वर्षांत मानवजात आटोपणार नाही.

याला इतिहासाचा पुरावाही आहे. युरोपीय मधमाशी उत्तर अमेरिकेत पोचली १६२२ मध्ये, जहाजातून, व्हर्जिनियाला. त्याआधी हजारो वर्षं उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन्ही खंडांत ही माशी नव्हती. तरीही तिथे मका, बटाटा, टोमॅटो, भोपळा, सूर्यफूल आणि कोको पिकत होते आणि मोठमोठी साम्राज्यं नांदत होती. परागीभवन करायला तिथल्या इतर माश्या, भुंगे, पतंग, वटवाघळं होतीच. कोकोच्या फुलाचं काम तर डासापेक्षाही बारीक चिलटं करतात. चॉकलेटचं श्रेय खरं तर त्यांचं, पण चिलटाचा फोटो लावून फॉरवर्ड कोण पाठवणार!

टोमॅटोचं फूल यात सर्वात मजेदार. त्याचे पिवळे पुंकेसर एकमेकांना चिकटून एक बंद नळकांडं तयार होतं आणि पराग त्याच्या आत असतात. बाहेर पडायला फक्त टोकाशी बारीक छिद्रं, भोकं असलेल्या मिठाच्या डबीसारखी. नुसता पाय लागून काही सांडत नाही, डबी हलवावी लागते. बंबलबी ही जाडजूड, केसाळ रानमाशी नळकांड्याला जबड्याने घट्ट पकडते, पंख मिटलेलेच ठेवते आणि उडण्याचे स्नायू जोरात थरथरवते. एक बारीक गुणगुण ऐकू येते आणि परागांचा धुरळा तिच्या पोटावर पडतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. उघड्या शेतात थोडंफार वारा भागवतो, पण काचगृहात वाराही नसतो. तिथे एकेकाळी माणसं कंप देणारी कांडी घेऊन फुलाफुलापाशी फिरत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या जागी बंबलबीच्या पेट्या आल्या.

“मधमाश्या नष्ट होत आहेत”

मेसेजमधल्या फोटोतली मधमाशी हे पाळीव जनावर आहे, कोंबडीसारखंच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार १९६१ मध्ये जगात तिच्या साधारण पाच कोटी वसाहती होत्या, आता त्या दहा कोटींच्या घरात आहेत. वसाहती मरत नाहीत असं नाही. युरोप-अमेरिकेत दर हिवाळ्यात मधपाळ मोठं नुकसान सोसतात. पण उरलेल्या वसाहती फोडून, एकीच्या दोन करून, ते पुन्हा संख्या भरून काढतात. त्रास मधपाळाच्या धंद्याला आहे, जात नामशेष होण्याचा नाही.

खरी काळजी आहे ती तिच्या भाऊबंदांची. मधमाशीच्या गोतावळ्यातल्या अशा माश्यांच्या (इंग्रजीत ‘बी’) जगात २०,००० हून जास्त ज्ञात जाती आहेत. बहुतेक एकट्या राहतात, मातीत बीळ करून नाहीतर पोकळ काडीत. मध साठवत नाहीत, पोळं बांधत नाहीत, त्यामुळे त्यांना विचारतं कोण? २०२१ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की २००६ ते २०१५ या काळात नोंदवलेल्या जाती १९९० पूर्वीच्या मानाने सुमारे पावपट कमी होत्या. २०१७ मध्ये पाठीवर गंजासारखा ठिपका असलेली एक बंबलबी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली. फ्रँकलिनची बंबलबी म्हणून ओळखली जाणारी दुसरी एक जात २००६ नंतर कुणाला दिसलेली नाही. यावर “मधमाश्या वाचवा” म्हणत गच्चीवर मधपेटी ठेवणं हा उपाय नाही, उलट कधीकधी अपाय ठरतो. एका पेटीतल्या हजारो माश्या त्याच फुलांवर तुटून पडतात आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणूसुद्धा रानमाश्यांना देऊन जातात.

“मोबाइल टॉवरमुळे”

२००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत विचित्र प्रकार घडला. पेटीत राणी आहे, अंडी-अळ्या आहेत, मध आहे, पण कामकरी माश्या गायब, आणि आसपास त्यांची प्रेतंही नाहीत. कारण कळेना. तेवढ्यात २००७ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या ‘द इंडिपेंडंट’ने बातमी दिली की मोबाइल फोन माश्यांचा जीव घेत असावेत. आधार होता जर्मनीतल्या कोब्लेंझ-लांडाऊ विद्यापीठातला एक छोटा प्रयोग. त्या प्रयोगात मोबाइल नव्हता आणि टॉवरही नव्हता. घरातल्या कॉर्डलेस फोनचा तळ, म्हणजे ज्यावर रिसीव्हर ठेवतात तो भाग, थेट मधपेटीत ठेवला होता. आपल्या कामाचा या गायब होण्याशी संबंध नाही, हे संशोधकांनीच सांगितलं. खुलासा कोण फॉरवर्ड करतो?

खरा गुन्हेगार डोळ्यांना दिसतो. व्हरोआ नावाचा, टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस चपटा कोळीवर्गीय जीव. मूळचा आशियाई मधमाशीवरचा. विसाव्या शतकात तो युरोपीय मधमाशीवर गेला आणि जगभर पसरला. तो माशीचं रक्त पितो असं कित्येक दशकं सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात माश्यांच्या शरीरातल्या द्रवाला एका रंगात आणि चरबीच्या ऊतीला दुसऱ्या रंगात चमकवलं, मग त्यांच्यावर व्हरोआ सोडले. व्हरोआंच्या पोटात चमकला मुख्यतः चरबीचा रंग. ही ऊती म्हणजे माशीचं यकृत, कोठार आणि रोगप्रतिकाराचा कारखाना एकत्र. ती कुरतडली गेली की विषाणू आणि कीटकनाशकं दोन्ही जड जातात. मधमाश्यांच्या मृत्यूची कारणं एकात एक गुंतलेली आहेत ती अशी. कीटकनाशकांचा दोष तर इतका पुढे आला की २०१८ मध्ये युरोपीय संघाने निओनिकोटिनॉइड्स या गटातल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली.

आणि टॉवरवाल्यांसाठी एकच देश पुरे: ऑस्ट्रेलिया. टॉवर तिथे कित्येक वर्षांपासून आहेत, पण व्हरोआ नव्हता आणि तिथल्या मधमाश्या जगात सर्वात निरोगी मानल्या जात. २०२२ च्या जूनमध्ये न्यूकॅसल बंदरात व्हरोआ सापडला आणि सरकारने पेट्या नष्ट करायला सुरुवात केली. सव्वा वर्षाने त्याचा नायनाट करण्याचा नाद सोडून द्यावा लागला.

“सर्वात महत्त्वाचा सजीव घोषित”

घोषणा वगैरे काही नाही. २००८ मध्ये अर्थवॉच या पर्यावरण संस्थेने रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या सभागृहात वादसभा ठेवली. पाच शास्त्रज्ञ वानरकुल, वटवाघूळ, माशी, बुरशी आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) यांची वकिली करायला उभे राहिले आणि प्रेक्षकांनी मतं दिली. माशी जिंकली, वटवाघूळ थोडक्यात हरलं. समुद्रातले प्लवक आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनचा केवढा तरी वाटा बनवतात. ते का हरले हे प्रेक्षकांनाच ठाऊक.

“तिला उडताच यायला नको”

ही दंतकथा मूळची बंबलबीची. फ्रान्समध्ये १९३४ साली आन्त्वान मान्याँ यांनी विमानाच्या स्थिर पंखांचं गणित कीटकाला लावलं आणि ते जमेना. चुकलं गणित, माशी नव्हे. कीटकाचा पंख मागेपुढे फडफडताना दर वेळी उलटतो आणि त्याच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा धरून ठेवतो. उचल मिळते ती त्यातून. २००५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने मधमाशी टिपली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख फडफडवत होती, आणि झोका अवघा ९० अंशांचा. मग तिला हेलियम मिसळलेल्या विरळ हवेत सोडलं. तिने फडफडण्याचा वेग तोच ठेवला, फक्त झोका वाढवला आणि तरंगत राहिली.

“मध कधीच खराब होत नाही”

नीट पिकलेला, घट्ट झाकलेला मध फार काळ टिकतो, हे खरं. त्यात पाणी १८ टक्क्यांच्या आसपास असतं, आम्लता असते आणि माशीने मिसळलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. पण मध हवेतलं पाणी ओढतो. ते २० टक्क्यांवर गेलं की साखरेत तगणारे यीस्ट कामाला लागतात आणि मध आंबतो. शिवाय न आंबलेल्या, उत्तम मधातसुद्धा बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू निपचित पडून असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजतात आणि तिथे विष बनवतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला मध अजिबात नको, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात ते म्हणून.