पेपर छापायच्या आधी हजेरीपट उघडा

जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांतून शालेय शिक्षणातल्या समतेवर आणि सामाजिक न्यायावर पेपर, म्हणजे शोधनिबंध, भरपूर निघतात. किती वाचले जातात हा वेगळा विषय. नियतकालिक कुठलं, फी किती, बढतीसाठी गुण किती मिळतील यावर महाविद्यालयांच्या विभागांत तासन् तास चर्चा चालते. माझं मत असं की समतेवरचा पेपर नियतकालिकाच्या दारात पोचण्याआधीच, आकडे गोळा करताना पडलेला असतो. तिथे चुकलेलं पुढे भाषेने किंवा फीने सावरत नाही.

सगळ्यात मोठी गफलत सरासरीची. सोयीसाठी एक काल्पनिक शाळा घ्या. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातली, पट (नोंदवलेली मुलं) 60. जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने रोज 54 मुलं येतात, म्हणजे 90 टक्के. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, गुजरातेत नाहीतर आणखी कुठे. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत 24 मुलं उरतात, 40 टक्के. नऊ महिन्यांची सरासरी काढली तर 62 टक्के येते. या शाळेत 62 टक्के हजेरी एकाही महिन्यात नव्हती. तरी पेपरात तेवढाच आकडा छापला जातो आणि खाली निष्कर्ष येतो, ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव’. घर चालवायला जो बाप उसाच्या फडात गेलाय, त्याच्या माथी अजागृतीचा शिक्का!

म्हणून महिना वेगळा काढा. हजेरीपटाचं पान समोर घेऊन बसा. दिवाळीनंतरच्या पानावर एकाच पाड्यावरच्या पाच-सहा नावांपुढे सलग ‘गै’ दिसला की समजायचं, पाडाच्या पाडा गेलाय. शेजारच्याच पाड्यावरची मुलं मात्र नियमित दिसतात, कारण तिथे विहीर आहे, रब्बीचं काम आहे. हे नुसत्या टक्केवारीत कधीच दिसणार नाही. हजेरीपटावरही आंधळा विश्वास नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकला 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आणि 61 झाला की तिसरा. पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जाण्याची भीती, त्यामुळे गेलेल्या मुलाचं नाव काढायला कुणाचा हात सहज धजत नाही. शिक्षकाला खलनायक करण्याचं इथे काही कारण नाही, नियमच तसा बसलाय. तुम्ही मात्र पट, हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही शेजारी शेजारी ठेवा, आणि दोन वेगळ्या महिन्यांत, आधी दिवस न कळवता, स्वतः डोकी मोजा. परवानगी अभ्यासाची घ्यायची, तारीख कळवायची नाही. या आकड्यांतला फरक हाच तुमच्या पेपरचा पहिला तक्ता.

गळतीचंही तेच. चालू वर्षाचा पाचवीचा पट आणि चालू वर्षाचा आठवीचा पट घेऊन वजाबाकी करतात आणि त्याला गळती म्हणतात. ही दोन वेगळी मुलं आहेत हो. 2019-20 च्या पाचवीतली नावं 2022-23 च्या आठवीत शोधायची. त्यातही जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश-दाखल्यांच्या वहीत) दाखला कुठे गेला ते पाहायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आश्रमशाळेत गेलेलं मूल गळालेलं नसतं. आणि दाखला न नेताच गेलेलं मूल कागदावर हजर, प्रत्यक्षात सुरतेच्या बाजूला, असंही होतं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर त्याची नोंद कुठल्या शाळेत उमटली, हे एका केंद्रापुरतं (शेजारच्या शाळांच्या एका गटापुरतं) जरी तपासलंत तरी स्वतंत्र पेपर होईल.

दुसरी सरासरी ‘अनुसूचित जमाती’ या रकान्याची. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या 69 टक्क्यांच्या वर होती, धुळ्यात 31 च्या पुढे, जळगावात 14 च्या आसपास. राज्याचा आकडा 9.35. नंदुरबारच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात 45 टक्के मुलं आदिवासी आहेत असं आढळलं, तर राज्याशी ताडून ती ‘समाधानकारक’ ठरतात आणि जिल्ह्याशी ताडली की चित्र पार उलटं होतं. रकान्याच्या आतही भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी सगळे एकाच खणात कोंबलेले. नवापूरचं मावची मूल आणि तोरणमाळच्या डोंगरावरचं पावरा मूल यांच्यात रस्ता, घरची भाषा, हायस्कूलचं अंतर सगळं वेगळं. ‘खानदेशातील विद्यार्थी’ असं शीर्षक देऊन नमुना सगळा जळगाव शहरातला, असेही प्रबंध आहेत. हाई काय शे भाऊ?

नमुन्यावर जरा थांबतो, कारण नियतकालिकासाठी पेपर तपासणारे चांगले परीक्षक तो इथेच परत पाठवतात. आपल्याकडे ‘300 विद्यार्थी’ हा आकडा पाठ झालाय. सहा शाळा, प्रत्येकी 50 मुलं, झालं. पण एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. शिक्षक तोच, गाव तेच. समजा शून्य ते एक या मापावर हे साम्य 0.2 आहे. मग नमुन्याची फुगवट (डिझाइन इफेक्ट), म्हणजे तो आहे त्यापेक्षा किती पट मोठा भासतो, ते काढायला एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, 0.2 ने गुणा आणि एक मिळवा. 49 गुणिले 0.2 म्हणजे 9.8, अधिक एक, 10.8. आता 300 ला 10.8 ने भागा. हातात राहतात जेमतेम 28 सुट्या मुलांएवढी माहिती. त्या 28 च्या जोरावर ‘आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही’ असं ठोकून देतात. तीच 300 मुलं 30 शाळांतून दहा-दहा घेतली तर फुगवट 2.8 वर येते आणि नमुना 107 मुलांच्या तोडीचा होतो. फिरणं वाढतं, एसटीचं तिकीट वाढतं, हे खरं. पण ज्या पेपरचा दावाच मुळी शाळाशाळांतल्या विषमतेचा आहे, त्यात शाळाच सहा असून कसं भागेल?

भाषेचा मुद्दा थोडक्यात. घरी पावरी बोलणाऱ्या तिसरीच्या मुलाला प्रमाण मराठीतला उतारा वाचायला दिला, तर तो अडखळल्यावर त्याची वाचनक्षमता मोजली गेली की मराठीशी त्याची ओळख किती, हे सांगता येत नाही. गणिताची चाचणी तरी घरच्या भाषेत तोंडी घ्या. चाचणी कुणी घेतली, भाषांतर कुणी केलं आणि परत मराठीत आणून कुणी तपासलं, हे पद्धतीच्या भागात लिहा. मुलाखतीतलं वाक्य अहिराणीत आलं असेल तर आधी अहिराणीतच ठेवा आणि खाली अर्थ द्या. आणि ज्या पोराने पाड्यापाड्यावर फिरून दुभाषाचं काम केलं, त्याची हरकत नसेल तर आभारात त्याचं नाव घ्या. विश्लेषणातही तो बसला असेल तर लेखकांतच घ्या. पेपर न वाचलेल्या वरिष्ठाचं नाव पहिलं टाकण्याची आपली रीत न्यायावरच्या पेपरात तरी शोभत नाही.

परवानगीचं काम मुलाखतींच्या आधी उरका. आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय (नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल, जिथली शाळा तिथलं), जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी प्राथमिक शिक्षणाधिकारी, शिवाय तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. बऱ्याच नियतकालिकांना या मंजुरीचा क्रमांक लागतो आणि मुलाखती झाल्यावर मागच्या तारखेने तो मिळत नाही. मिळाला तर तो खोटा असतो. पालकांची संमती त्यांच्या भाषेत वाचून दाखवून घ्यायची आणि मुलालाही विचारायचं. ते नाही म्हणालं तर नाही.

नावं लपवण्यात एक ठरलेली चूक होते. शाळेला ‘शाळा अ’ म्हणतात आणि परिशिष्टात यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) तसाच राहतो. हा क्रमांक अकरा अंकी: राज्याचे दोन, जिल्ह्याचे दोन, तालुक्याचे दोन, गावाचे तीन, शाळेचे दोन. 2701 ने सुरू झाला की नंदुरबार, आणि पुढचे सात अंक थेट वर्गाच्या दाराशी नेतात. ‘द्विशिक्षकी शाळेतली एकमेव पावरा शिक्षिका’ असं लिहिलं तरी तालुक्यात कुणालाही नाव कळतं, आणि वरिष्ठांबद्दल ती जे बोलली ते तिच्या बदलीपर्यंत तिला छळतं. अशा ठिकाणी तालुका गाळा, पद सैल करा, गरज पडली तर वाक्यच काढा.

आता छपाई. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2022 च्या नियमावलीतून काढली. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. यादी गेली म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानदारांचं फावलंय. व्हॉट्सअपवर ‘दोन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्रासह’ असं आलं की ते पुसून टाका. परीक्षणाआधी फी मागणारा, आयएसएसएन क्रमांकालाच दर्जा म्हणून मिरवणारा, इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) भलत्याच संस्थेचा लावणारा, एकाच अंकात ज्वारीवरचं कीटकनाशक आणि शिक्षणातली समता एकत्र छापणारा, या सगळ्यांना लांबूनच रामराम. आयएसएसएन नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, तो गुणवत्ता पाहून मिळत नाही. नामांकित नियतकालिकांची हुबेहूब बनावट संकेतस्थळंही असतात, म्हणून छापील अंकावरचा किंवा ग्रंथालयातून मिळवलेला पत्ता वापरा. मागचे चार अंक काढून त्यातले दोन पेपर खरंच वाचा. तेवढ्यात निम्मा निकाल लागतो.

इंग्रजीत लिहायचं तर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, ‘कंटेम्पररी एज्युकेशन डायलॉग’, एनसीईआरटीचं ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ ही ठिकाणं आहेत. मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे, आणि शिक्षकांपर्यंत पोचायचं तर एससीईआरटीचं ‘जीवन शिक्षण’. इंग्रजीचा न्यूनगंड बाळगू नका. याच खानदेशात, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ निघत होतं आणि देशातले मोठे तत्त्वज्ञ त्यात लिहीत होते. तालुक्याच्या गावातून अव्वल नियतकालिक चालू शकतं, हे आपल्याकडे घडून गेलंय.

संपादकाच्या टेबलावरूनच, परीक्षकाकडे न जाता, पेपर परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. पूर्वसंशोधनाचा भाग म्हणजे ‘अमुक यांनी 2009 मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी 2012 मध्ये केला’ अशी हजेरी असते. आणि नंदुरबारमध्ये जे दिसलं त्यातून झाबुआच्या किंवा मेळघाटच्या वाचकाला काय मिळतं, याचं उत्तर नसतं. ते पहिल्या पानावर द्या. उदाहरणार्थ: हंगामी स्थलांतर असलेल्या भागात वार्षिक हजेरीची सरासरी विषमता लपवते. एवढं एक वाक्य पुरतं, आणि ते कुठल्याही स्थलांतराच्या पट्ट्यातल्या वाचकाच्या कामाचं आहे.

पाठवताना नाव काढलेली प्रत वेगळी करा. फाईलच्या गुणधर्मातलं नाव, आभार, ‘माझ्या आधीच्या लेखात’ असली वाक्यं आधी काढून टाका. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. साम्य तपासणीत यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असेल तर तुमचाच मजकूर तुमच्यावर उलटतो, म्हणून पेपर प्रबंधावर आधारित आहे हे सोबतच्या पत्रात आधीच कळवा आणि मजकूर नव्याने लिहा. उत्तर यायला काही महिने जातात. ‘मोठ्या सुधारणा करा’ असं आलं तर तो नकार नसतो. तीन रकाने आखा, परीक्षकाचा मुद्दा, तुमचं उत्तर, पान क्रमांक. मुद्दा पटला नाही तर तसं कारणासह लिहा. सगळ्यालाच ‘होय साहेब’ म्हणणाऱ्या लेखकाचाही संशय येतो.

छापून आल्यावर करारनामा वाचा. स्वीकृत मसुदा संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवता येतो का आणि किती महिन्यांनी, ते त्यात असतं. आणि दोन पानांचं मराठी टिपण शाळा व्यवस्थापन समितीला द्या. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, त्यामुळे टिपण वाचून दाखवायची तयारी ठेवूनच जा. वेळही बघून जा. दिवाळीनंतर स्थलांतराच्या पाड्यावर म्हातारे सोडून फारसं कुणी भेटत नाही. होळीला, काठीची राजवाडी होळी असते त्या सुमाराला, बाहेर गेलेले बरेच जण परत येतात. तेवढ्यात बैठक लावा, कारण सण उरकला की काही घरं पुन्हा निघतात.