प्लॅटिनम पावणा

कोल्हापुरात मला हॉटेलात खोली नाकारली, कारण मी कोल्हापूरचा आहे. गेल्या शनिवारची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही.

राजारामपुरीत स्वतःचं घर आहे, घरात गिझर आहे, मग हॉटेल कशाला? ते पटकन सांगून टाकतो. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कास्टिंग विकतो. पुणे, होसूर, फरिदाबाद अशी वारी बारमाही चालू असते. दिवसभर परचेसवाले ‘रेट कमी करा’ म्हणतात. संध्याकाळी रिसेप्शनवरचं कुणीतरी ‘वेलकम बॅक, सर’ म्हणतं. तेवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं एकाच हॉटेल-साखळीत झोपतो आणि म्हणून प्लॅटिनम आहे, म्हणजे वर्षात ठरावीक रात्री भरणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणारा वरचा दर्जा. पण या हिशोबाचा मीटर 1 जानेवारीला शून्यावर येतो. प्लॅटिनम टिकवायचं तर 31 डिसेंबरच्या आत परत तेवढ्या रात्री भरायच्या. यंदा कंपनीने बुकिंग ट्रॅव्हल एजंटकडे दिलं. तो कुठल्याशा स्वस्त साइटवरून खोल्या घेतो, आणि तसल्या रात्री खात्यात धरत नाहीत. झोपलो मी, पण रात्र झालीच नाही.

यातलं मोक्षपद म्हणजे ‘लाइफटाइम’, एकदा मिळालं की जन्मभर. मॅरियटमध्ये लाइफटाइम प्लॅटिनमला 600 रात्री आणि त्या पदाची 10 वर्षं लागतात. हयात हॉटेलांत 10 लाख बेस पॉइंट, म्हणजे खर्चावर मिळणारे गुण. डॉलरला 5 पॉइंट धरले तर 2 लाख डॉलर झाले. तेवढ्यात शिरोलीत स्वतःची शेड उभी राहील, मग परगावी झोपायला नोकर माणसं पाठवता येतील. (माझी साखळी वेगळी. नाव घेत नाही.) हा खेळ हॉलिडे इन आणि मॅरियटने 1983 साली सुरू केला, दोन वर्षं आधी अमेरिकन एअरलाइन्सने विमानात सुरू केला होता ते बघून. त्या काळी आमच्याकडे परगावी गेलेला माणूस पावण्यांच्यात उतरायचा, आणि पावणे काही दर जानेवारीला ओळख शून्यावर आणत नसत.

तर रात्री कमी पडत होत्या आणि साखळीचं एक हॉटेल गावातच होतं. ॲपवरून बुकिंग केलं, पैसे भरले. बायको म्हणाली, “सकाळी येताना दूध आण.”

काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड बघितलं आणि चेहरा पाडला.

“सर, लोकल आयडी चालत नाही.”

मी ॲपमधलं कार्ड दाखवलं.

“हो सर, प्लॅटिनम दिसतंय. थँक यू फॉर युवर लॉयल्टी. पण पत्ता कोल्हापूर आहे.”

असा काही कायदा नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यालाही ते माहीत होतं. ‘पॉलिसी’ होती. गावातल्या माणसाला गावात खोली लागते ती भानगडीसाठीच, असं ठरलेलं. आता एकटा, पोट सुटलेला, लॅपटॉपच्या बॅगेत बीपीची गोळी घेऊन आलेला माणूस काय भानगड करणार?

लॉबीत लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. सोफ्यावर फेटा मांडीवर घेऊन बसलेले एक आजोबा हे सगळं ऐकत होते.

“पावणं, कुठलं म्हणायचं?”

“इथलाच. राजारामपुरी.”

“घर पाडलंय व्हय?”

“नाही.”

“मग रंगकाम?”

“नाही हो.”

आजोबा पुढे सरकले. आवाज खाली आणला, म्हणजे फक्त पोर्चपर्यंत ऐकू जाईल एवढा. “मालकीणबाई?”

“घरीच आहेत. सगळं ठीक आहे.”

“सगळं ठीक हाय तर मग हितं का?”

“रात्री भरायच्या आहेत.”

“कुनाच्या?”

मी समजावलं. एवढ्या रात्री झाल्या की पुढच्या वर्षी प्लॅटिनम राहतं.

“आन मग काय देत्यात?”

“खोली उशिरा सोडली तरी चालते. म्हणजे, मोकळी असेल तर.”

“आन?”

“वरच्या दर्जाची खोली.”

“ती बी मोकळी असंल तर?”

“हो.”

“आन?”

“नाश्ता.”

“घरात देत न्हाईत?”

मी गप्प. आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हंजे बगा, पैसे भरून, घर सोडून हितं झोपायचं. कशापायी? तर फुडच्या वर्षी बी पैसे भरून, घर सोडून झोपल्यावर नाश्ता मिळावा म्हणून.”

आमच्या कंपनीत कन्सल्टंट लोक लाखो रुपये घेतात, पण एवढं स्वच्छ कुणी मांडत नाही.

“आरं हिकडं या,” आजोबांनी आरोळी दिली, “ह्यो प्लॅटिनम पावणा बगा!” वऱ्हाडातली पोरं गोळा झाली. एका मावशीने माझ्या हातावर पेढा ठेवला. बहुधा धीर द्यायला.

मग आजोबा उठले, काउंटरवर गेले. “ओ सायब, ह्यो आमच्यातला हाय. भाचा निपाणीस्नं यायचा ऱ्हायलाय, त्याची खोली ह्याला द्या.”

दोन मिनिटांत किल्ली हातात. त्याच मुलाने माझ्या त्याच आधार कार्डाची झेरॉक्स काढली. आता त्याला पत्ता वाचता येत नव्हता.

हे मात्र झोंबलं. मला कसली उशी लागते हे त्यांच्या कॉम्प्युटरला माहीत आहे, दर मेलमध्ये ते मला नावाने हाक मारतात, मी दुसऱ्या हॉटेलकडे कधी वळून बघितलं नाही, आणि हे सगळं एका अनोळखी म्हाताऱ्याच्या ‘आमच्यातला हाय’पुढे फुकट. एकनिष्ठ राहायचं ते फक्त मी. नियम कधीही बदलायचा हक्क त्यांनी अटींमध्येच लिहून ठेवलाय. फायदे कापले की वर मेल येतो, ‘तुमच्यासाठी खुशखबर!’

सकाळी ॲप उघडलं. रात्र जमा नव्हती. खोली वऱ्हाडाच्या बिलात, बिल मुलीच्या बापाच्या नावावर, आणि माझं स्वतःचं बुकिंग ‘नो-शो’, म्हणजे गिऱ्हाईक आलंच नाही. पैसे परत मिळत नाहीत. कस्टमर केअरवर बासरी ऐकली. नंतर एक ताई म्हणाल्या, आमच्यासाठी तुम्ही फार मोलाचे आहात, उत्तर मेलवर येईल.

खाली पोहे आणि शिरा चालू होता. फुकट झोपलोय तर आहेर तरी द्यावा म्हणून पाकिटात पाचशे एक घातले. वही घेऊन बसलेल्या माणसाने पेन उचललं आणि नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला,

“लिव की. प्लॅटिनम, राजारामपुरी.”