त्याआधी हे ऐका

मँचेस्टरच्या कचेरीत रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. चहाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचे साठीला टेकलेले सहकारी कपावर बोटांनी काहीतरी विचित्र ठेका धरून बसले होते आणि मी निव्वळ सौजन्यापोटी त्यांना विचारले, "काय ऐकताय?" इंग्लंडमध्ये हवेविषयी बोलावे, फार तर फुटबॉलविषयी बोलावे, असे मला निघण्यापूर्वी चार जणांनी बजावले होते; परंतु प्रोग्रेसिव्ह रॉक या लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉक संगीताच्या चाहत्याला तो काय ऐकतो आहे हे विचारू नये, असे मात्र एकानेही सांगितले नव्हते. उपवर मुलीच्या बापाच्या दारात स्थळ आपल्या पायांनी चालत यावे, तसा आनंद त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर उमटला आणि ते म्हणाले, "किंग क्रिमझन. पण तुम्ही एकदम हे ऐकू नका. त्याआधी..."

त्या 'त्याआधी'ला आता दोन वर्षे होतील.

असे गृहस्थ कचेरीत एकूण तीन निघाले. पहिले क्रिमझनचे, दुसरे येसचे आणि तिसरे जेनेसिसचे; ही तिन्ही याच संगीताची मंडळे. माझी पत्नी मिरजेची सून असल्यामुळे घराणी आणि त्यांचे अभिमान हा प्रकार तिला नवा नव्हता. तिने त्यांची नावे पहिल्याच दिवशी क्रिमझनबुवा, येसबुवा आणि जेनेसिसबुवा अशी ठेवून टाकली आणि आमच्या घरात तीच रूढ झाली. दर सोमवारी माझ्या खुर्चीला एक कापडी पिशवी लटकवलेली असे, तिच्यात दोन-तीन जुन्या रेकॉर्ड असत आणि शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये माझी तोंडी परीक्षा होई. रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र माझ्याकडे नाही, ही सबब मी एकदा सांगून पाहिली. दुसऱ्या दिवशी यंत्रच आले.

पहिली पिशवी अर्थातच क्रिमझनबुवांची होती. तिच्यात १९६९ सालचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' हा आल्बम होता. त्याच्या वेष्टनावर एका माणसाचा नाकपुड्या फुललेला, डोळे फाटलेला, किंचाळणारा चेहरा आहे. तो पाहून आमची धाकटी दोन रात्री आमच्या खोलीत झोपायला आली, तेव्हा पत्नीने ते वेष्टन भिंतीकडे तोंड करून ठेवले. हे चित्र काढणारे बॅरी गॉडबर हे पेशाने संगणकाचे प्रोग्रॅमर होते आणि मीही त्याच पेशातला असल्यामुळे हा आल्बम आवडणे माझे जवळजवळ कर्तव्यच आहे, असे क्रिमझनबुवांचे म्हणणे होते. मला तो आवडलाही. तसे मी शुक्रवारी सांगितले आणि तिथेच फसलो, कारण "मग याच मंडळींचे पुढचे ऐकतो" असे मी म्हणताच बुवा खिन्न हसले. ती मंडळी पुढे राहिलीच नव्हती. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्याखेरीज या मंडळात शेवटपर्यंत कोणीही टिकले नाही. १९७४ मध्ये तर 'रेड' हा आल्बम दुकानात येण्याच्या सुमारास फ्रिप यांनी मंडळच मोडले आणि १९८१ मध्ये ते निम्मी नवी माणसे घेऊन पुन्हा उभे केले. त्यामुळे "मला किंग क्रिमझन आवडते" हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी अर्थाने अपुरे आहे, हे मला समजावण्यात दोन शुक्रवार गेले. पत्नीने हे सारे पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतले आणि म्हणाली, "नाटक कंपनी म्हण की. मालक तेवढा तोच, बाकी नटसंच बदलता."

येसबुवा स्वभावाने अधिक प्रेमळ होते, पण त्यांच्या शिफारशी लांब असत. 'क्लोज टु द एज' या १९७२ सालच्या आल्बमची पहिली संपूर्ण बाजू म्हणजे अठरा मिनिटांहून मोठे एकच गाणे आहे. ते सुरू होते वाहत्या पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजाने. मी रेकॉर्ड लावली, डोळे मिटून बसलो आणि अर्ध्या मिनिटात पत्नी न्हाणीघरातला नळ बंद करायला धावली. नळ बंदच होता. परत येऊन तिने माझ्याकडे पाहिले, त्या नजरेचे वर्णन मी इथे करत नाही.

याच आल्बमवरून येसबुवा आणि क्रिमझनबुवा यांच्यात गेली पन्नास वर्षे धुसफुस आहे, हे मला उशिरा कळले. बिल ब्रुफर्ड या ड्रमवादकाने हा आल्बम ध्वनिमुद्रित करून दिला आणि येस ऐन भरात असताना ते मंडळ सोडून तो क्रिमझनमध्ये गेला. आपल्याकडे एखाद्या नामांकित गायकाने घराणे बदलावे आणि दोन्ही घराण्यांच्या शिष्यांनी मरेपर्यंत एकमेकांच्या लग्नाला जाऊ नये, त्यातलाच हा प्रकार आहे. येसबुवा ब्रुफर्डचे नाव घेताना "तो गेला" असे म्हणतात, क्रिमझनबुवा "तो आला" असे म्हणतात आणि मी दोघांसमोर खाली मान घालून शेंगदाणे खातो.

शेंगदाणे खाऊन प्रत्येक वेळी निभावत नाही. जेथ्रो टल या मंडळाचा 'थिक ॲज अ ब्रिक' तिघांनी मिळून माझ्याकडे दिला, तेव्हा मी जय्यत तयारी केली. या मंडळाचे नाव ज्या अठराव्या शतकातल्या इंग्रज शेतीतज्ज्ञावरून घेतले आहे, त्याची कीर्ती पेरणीच्या यंत्रासाठी आहे, म्हणजे आपल्या भाषेत पाभरीसाठी आहे, हेसुद्धा मी वाचून ठेवले. आल्बमच्या दोन्ही बाजू मिळून एकच गीत आहे, ते आठ वर्षांच्या एका मुलाने लिहिल्याचे वेष्टनावर म्हटले आहे आणि ते वेष्टन म्हणजे गावच्या वर्तमानपत्राचा बारा पानी अंक आहे. मी तो अंक क्रीडावृत्तासकट वाचला. शुक्रवारी मी या बालकवीच्या प्रतिभेविषयी पाच मिनिटे गंभीरपणे बोललो, तेव्हा तिघेही हसून लोटपोट झाले. हा मुलगा काल्पनिक होता. त्या काळच्या अवजड, एका सूत्रात गुंफलेल्या आल्बमांची टर उडवण्यासाठी मंडळाचे म्होरके इयन अँडरसन यांनी १९७२ मध्ये रचलेली ती थट्टा होती. मीही मग सैल झालो आणि "म्हणजे सगळाच विनोद आहे तर!" असे म्हणून हसलो. तिघेही तत्क्षणी गंभीर झाले. "विनोद आहे, पण संगीत गंभीर आहे," जेनेसिसबुवा म्हणाले. थट्टेला हसावे की हसू नये, याचा निर्णय न लागल्यामुळे मी घरी येऊन त्या मुलाचे गीत पुन्हा ऐकले आणि खरे सांगायचे तर आजही ते मला या साऱ्या पसाऱ्यातले सर्वांत आवडते आहे. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

माझा खरा अध:पात जेनेसिसबुवांसमोर झाला. जेनेसिसचे दोन कालखंड आहेत, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्यात पीटर गेब्रिएल हे स्वतःच्या पत्नीचा लाल झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचे मुंडके घालून गात असत. ते १९७५ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर ड्रम वाजवणारे फिल कॉलिन्स गाऊ लागले आणि जसजसे मंडळ श्रीमंत होत गेले, तसतसे बुवा गरीब होत गेले. पुण्यात महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या कोणाच्या तरी कॅसेटवर मी १९८६ सालचा 'इन्व्हिजिबल टच' झिजेपर्यंत ऐकला होता. बुवांना बरे वाटावे म्हणून मी तो पाठ असल्याचे सांगितले आणि वर दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. पंढरपूरच्या वारीत कोणी सांगावे की मी विठ्ठलाचा फार भक्त आहे, त्याची ती जाहिरात मला पाठ आहे, तशी शांतता पसरली. बुवांनी ग्लास खाली ठेवला. "चूक तुमची नाही," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितले नाही." सोमवारी पिशवीत पाच आल्बम होते.

मागच्या उन्हाळ्यात मिरजेहून वडील तीन महिन्यांसाठी आले. वडिलांनी उभे आयुष्य बँकेत आणि गाण्याच्या बैठकींत काढले आहे. किराणा घराण्यापलीकडे संगीत असते, हे ते तत्त्वतः मान्य करतात. त्यांना माझी पिशवी दिसली आणि त्यांनी चौकशी केली. येसच्या १९७३ सालच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या जोड-आल्बमविषयी मी त्यांना सांगितले की, परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटिपेवरून येसचे गायक जॉन अँडरसन यांना हा सुचला आणि त्या एका तळटिपेची चार गाणी, चार बाजू आणि ऐंशी मिनिटे झाली. याच आल्बमला अतिरेक म्हणून इंग्रज समीक्षकांनी झोडपले होते. वडिलांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. "सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांच्या नऊ हजार ओव्या होतात," ते म्हणाले, "तिथे तळटिपेवर ऐंशी मिनिटे म्हणजे माफकच झाले."

हे वाक्य मी कचेरीत भाषांतर करून सांगितले, ही माझी दुसरी चूक. येसबुवांच्या डोळ्यांत पाणी आले. येत्या शनिवारी वडिलांना घेऊन फ्री ट्रेड हॉलला जायचेच, असे त्यांनी ठरवले. त्या सभागृहाचे आता हॉटेल झाले आहे, फक्त दर्शनी भिंत जुनी आहे. परंतु येसबुवा तिथे जोडे काढायचेच बाकी ठेवतात. १९७३ च्या दौऱ्यात याच ठिकाणी 'टेल्स' वाजत असताना कीबोर्डवादक रिक वेकमन यांना बराच वेळ काही कामच नव्हते. त्यांचा साहाय्यक ऑर्गनखाली बसलेला असे. कार्यक्रमानंतर काय जेवणार, असे त्याने विचारले, त्यांनी सांगितले आणि त्याने ते सारे वाजवण्याच्या मधोमधच आणून दिले, असा किस्सा वेकमन स्वतः सांगतात. मागणी अशी होती: चिकन विंदालू, पुलाव, सहा पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि भरलेला पराठा. वेकमन यांनी वाद्यांवर थाळ्या मांडून जेवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ते मंडळातून बाहेर पडले. हा किस्सा येसबुवा दुःखाने सांगतात. वडिलांनी तो अतिशय बारकाईने ऐकला आणि विंदालू हा पोर्तुगीजांच्या लसूण घातलेल्या आंबट मांसापासून गोव्यात झालेला पदार्थ आहे, पण बॉम्बे आलू नावाची भाजी मुंबईत आपण कधी पाहिली नाही, एवढेच नोंदवले. त्याच इमारतीच्या वरच्या छोट्या दालनात १९७६ च्या जूनमध्ये सेक्स पिस्टल्स हे आखूड, आडदांड पंक संगीताचे मंडळ वाजवून गेले आणि या लांबलचक संगीताची सद्दी संपू लागली, हे मी बोलणार होतो. परंतु देवळात उभे राहून दैत्याचे नाव घेऊ नये, म्हणून गप्प बसलो.

पुढच्या रविवारी तिघे बुवा आमच्याकडे जेवायला आले. पिंक फ्लॉइड हे मंडळ प्रोग्रेसिव्ह आहे की नाही, या विषयावर वरणभात होईपर्यंत चर्चा झाली आणि निकाल लागेना, तेव्हा क्रिमझनबुवांनी पुरावा म्हणून त्यांचे 'मनी' हे गाणे लावले. वडील मांडीवर हात ठेवून बसले होते. नाण्यांचा खणखणाट सुरू झाला तसा त्यांचा हात हलू लागला: तीन, दोन, दोन. "रूपक," ते म्हणाले. मी भाषांतर केले. गाणे सात मात्रांचे आहे, हे वडिलांनी चार आवर्तनांत ओळखले म्हणून तिघेही खुर्चीत पुढे सरसावले. गिटार सुरू झाल्यावर वडिलांचा हात थांबला आणि कपाळाला आठी पडली. "चाराच्या हिशेबात गेला. सात झेपले नाहीत वाटते." हे वाक्य मी भाषांतर न करता सोडून द्यायला हवे होते. क्रिमझनबुवा उठले आणि त्यांनी वडिलांचा हात दोन्ही हातांत घेतला.

आता आमची पाळी, असे म्हणून वडिलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' लावायला सांगितली. तिघांनी डोळे मिटले. येसबुवांनी तर पाय लांब करून अठरा मिनिटांची बैठक मारली. तीन मिनिटांनी सारे शांत झाले. कोणी हलले नाही. हा आलापानंतरचा विराम असावा, अशा समजुतीने तिघेही पुढच्या भागाची वाट पाहत बसले.

"संपले," वडील म्हणाले.

"दुसरी बाजू?" येसबुवांनी विचारले.

"एवढेच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एवढेच मावत असे."

बराच वेळ गेला. मग क्रिमझनबुवांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिले आणि मला म्हणाले, "वडिलांना विचारा, आम्ही सुरुवात कुठून करावी?"

मी विचारले. वडिलांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले, पान जुळवायला घेतले आणि म्हणाले, "खाँसाहेबांपासूनच करू देत. पण त्याआधी..."