‘सांगोवांगी’ म्हणून झटकण्याआधी

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला, आणि पाठवणाऱ्यांत मी मान देते अशी माणसं होती, म्हणून गप्प बसवलं नाही. मजकुराचा गाभा असा: ‘या लोकांना लिपी नव्हती, म्हणजे इतिहासही नव्हता. तोंडी गोष्ट या कानाची त्या कानाला जाताना बदलते, दोनशे वर्षांत ओळखू येत नाही. दहा हजार वर्षांपूर्वीच्या आठवणी वगैरे सगळं संशोधकांनी त्यांच्या तोंडी घातलेलं आहे. शिवाय ते भटके. शेत नाही, घर नाही, कुंपण नाही, मग जमिनीशी नातं कसलं? आणि काही ज्ञान असलंच तर ते केव्हाच संपलं.’

एकेक मुद्दा घेते.

‘दोनशे वर्षांत गोष्ट ओळखू येत नाही.’

क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागात अ‍ॅथर्टनच्या पठारावर ईचॅम, बॅरिन आणि युरामू अशी तीन तळी आहेत. तिन्ही ज्वालामुखीच्या विवरांत साचलेली, भोवती घनदाट पर्जन्यवन. १९६४ साली रॉबर्ट डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ तिथल्या भाषा नोंदवत हिंडत होते. त्यांना एका म्हाताऱ्या माणसाने या तळ्यांची जन्मकथा सांगितली. नुकतीच दीक्षा झालेल्या दोन तरुणांनी नियम मोडला आणि त्यांच्या कथांतला इंद्रधनुष्याचा सर्प कोपला. मुक्कामाखालची जमीन मेघासारखी गडगडू लागली, चक्रीवादळ यावं तसा वारा सुटला, आभाळात कधी कुणी पाहिला नव्हता अशा रंगाचा तांबडा ढग आला, जमीन पिळवटून फाटली आणि पळणाऱ्या माणसांना तिने गिळलं.

उद्रेकाचं वर्णन म्हणून हे विलक्षण आहेच. पण माझं मन दुसऱ्याच एका वाक्यावर अडकलंय. सांगणाऱ्याने जाता जाता सांगितलं की हे घडलं तेव्हा इथे असं रान नव्हतं, उघडं, विरळ झुडुपांचं माळरान होतं. सांगणारा जन्मभर त्या दाट रानात राहिलेला. त्याच्या बापाने, आज्याने रानच पाहिलेलं. मग माळरान आलं कुठून?

चार वर्षांनी, १९६८ साली, पीटर कर्शॉ या संशोधकांनी युरामू तळ्याच्या तळाचा गाळ काढून त्यातले परागकण तपासले. कुठल्या काळी तिथे काय उगवत होतं, ते त्यांवरून कळतं. तिथलं पर्जन्यवन जेमतेम ७,६०० वर्षांचं निघालं. त्याआधी तो सगळा भाग उघडाच होता, आणि विवरं त्याहून जुनी. म्हणजे रान उगवण्याआधीचा देखावा गोष्टीत तसाच राहिला होता. आजूबाजूला रान वाढलं, शेकडो पिढ्या त्यात जन्मल्या आणि गेल्या, तरी कुणी त्या वाक्याला ‘हे कसं शक्य आहे’ म्हणून कात्री लावली नाही.

‘संशोधकांनी तोंडी घातलं’ या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. गोष्ट १९६४ची, परागकण १९६८चे. डिक्सनना जे ठाऊकच नव्हतं ते ते पढवणार कसे? अगदी तसंच मध्य ऑस्ट्रेलियातल्या पाम व्हॅलीचं. वाळवंटातल्या एका खोऱ्यात ताडाच्या जातीची झाडं उभी आहेत आणि त्यांचे सगेसोयरे थेट हजारेक किलोमीटर उत्तरेला. कार्ल स्ट्रेलो या जर्मन मिशनऱ्याने १८९४ साली तिथल्या अरंट लोकांची कथा लिहून ठेवली होती की उत्तरेकडून आलेल्या देवांनी हे बी आणलं. झाडांची जनुकं तपासली गेली २०१२ साली, आणि झाडं उत्तरेकडूनच, सुमारे १५,००० वर्षांपूर्वी आली असं दिसलं. स्ट्रेलोने कथा लिहिली तेव्हा डीएनए हा शब्दही कुणाला माहीत नव्हता.

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे, कारण तेही घाईने पुढे पाठवतात. मेलबर्नसमोरचा पोर्ट फिलिप उपसागर हा एके काळी कोरडा होता, तिथे कांगारूंची शिकार चाले, मग समुद्र आत घुसला, ही बुनुरोंग लोकांची आठवण ‘दहा हजार वर्षं जुनी’ म्हणून सगळीकडे फिरते. ती एकोणिसाव्या शतकात नोंदली गेली हे खरं. पण २०११च्या भूशास्त्रीय अभ्यासानुसार उपसागराचं तोंड वाळूने बुजून तो सुमारे २,८०० ते १,००० वर्षांपूर्वीही कोरडा पडला होता. म्हणजे ही आठवण हजार वर्षांचीही असू शकेल. असू दे. हजार वर्षंही ‘दोनशे’च्या पाचपट आहेत, आणि बुनुरोंग लोकांनी सांगितलं ते दोन्ही हिशोबांनी खरंच ठरतं. आकडा फुगवून त्यांचा मान वाढत नाही.

पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या अशा २१ ठिकाणच्या कथा एकत्र मांडल्या. पाणी आलं, जमीन गेली, टेकडीचं बेट झालं. हिमयुग ओसरताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला आणि ७,००० वर्षांपूर्वीच्या आसपास स्थिरावला. उघड्या महासागराच्या किनाऱ्यावर वाळूने तोंड बुजण्याची सोय नसते. तिथली ‘इथून चालत जाता येई’ ही आठवण त्या काळाआधीची मानावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ङुरुंदेरी या आद्य पूर्वजाच्या कथेत त्याच्या पळालेल्या बायका आजच्या कांगारू बेटाकडे पायीच निघतात. तो पाणी चढवतो, त्या बुडतात आणि खडक होतात. ते खडक आजही पाण्यातून डोकं वर काढून आहेत.

‘कानगोष्टींचा खेळ.’

‘या कानाची त्या कानाला’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हाच खेळ असतो. या खेळात काय होतं? एकदाच ऐकायचं, कुजबुजत ऐकायचं, पुन्हा विचारायचं नाही, आणि चुकलं तर हसायचं. मूळ रहिवाशांकडे यातलं काहीही नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्ल्पिरी लोकांचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक माणूस वडिलांकडून आलेल्या भूमीचा ‘किर्दा’ असतो, म्हणजे धनी. आणि तोच आपल्या आजोळच्या भूमीचा ‘कुर्दुंगुर्लु’ असतो, म्हणजे राखणदार. भूमीची गोष्ट, तिची गाणी, तिचे विधी करण्याचा हक्क किर्दाचा. पण ते नीट होतंय की नाही हे पाहण्याची जबाबदारी कुर्दुंगुर्लुची. मामेभाऊ गातोय आणि आतेभाऊ समोर बसून चूक पकडतोय असं समजा. गाणाऱ्याला स्वतःच्या मर्जीने एक कडवं वाढवता येत नाही, कारण समोरचा अडवतो, आणि अडवणं हे त्याचं कर्तव्यच असतं. उद्या स्वतःच्या आजोळच्या भूमीवर हा गाणाराच राखणदार होतो.

आपल्याकडे हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. वेदांचा एकेक स्वर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट विणीत बांधून ठेवला गेला तो कागदावर नव्हे, गळ्यात. त्या पाठशक्तीचा अभिमान बाळगणारी माणसंच जेव्हा ‘लिपी नाही म्हणजे इतिहास नाही’ हे वाक्य पुढे ढकलतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही पद्धती एक नाहीत, पण तोंडी परंपरेला शिस्त असू शकते हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

आणि त्यांच्याकडे आणखी एक आधार आहे, तो म्हणजे खुद्द जमीन. गाण्याचं कडवं एका पाणवठ्याचं असतं, पुढचं पुढच्या खडकाचं. चालत गेलं की गाणं उलगडतं, आणि कडवं चुकलं तर वाळवंटात पाणी चुकतं. तिथे पाणी चुकणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

‘भटके. जमिनीशी नातं कसलं?’

व्हिक्टोरिया राज्यात बुज बिम हा ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्हाच्या दगडांतून गुंडिच्मारा लोकांनी चर खोदले, बांध घातले, पाणी वळवून डोह केले आणि त्यात वाम मासे वाढवले. चराच्या अरुंद तोंडाशी विणलेली लांबट टोपली लावून मासे धरायचे. यातल्या काही बांधकामांचं वय ६,६०० वर्षं निघालं आहे. शेजारी दगडी घरांचे पायेही आहेत. २०१९ साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. ‘घर नाही’ हे वाक्य तिथल्या एकाही पायासमोर टिकत नाही.

पण समजा एखादा समूह खरोखर फिरता आहे. मग काय? १९७१ साली उत्तर ऑस्ट्रेलियाच्या गोव्ह द्वीपकल्पातल्या योल्ङू लोकांच्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांच्यासमोर हाच प्रश्न आला होता. बॉक्साइटची खाण येत होती. न्यायमूर्तींनी मान्य केलं की या लोकांचे कायदे सूक्ष्म आणि सुसंघटित आहेत. त्यांनी हेही म्हटलं की जमीन कुळाची असण्यापेक्षा कूळ जमिनीचं आहे असंच दिसतं. आणि नेमक्या त्याच कारणाने, ही ‘मालमत्ता’ नाही म्हणून, दावा फेटाळला. आपली मालकीची व्याख्या तोकडी पडते आहे हे दिसत असूनही शिक्षा समोरच्याला झाली. ही जमीन कायद्याच्या लेखी कुणाचीच नव्हती, हा समज न्यायालयाने सोडला तो ३ जून १९९२ रोजी, टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या माबो खटल्यात. दावा लढवणारे एडी माबो तो निकाल ऐकायला नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.

त्यानंतरचा एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ग्रेट सँडी वाळवंटातल्या ङुर्रारा दाव्यात वृद्धांना आपला हक्क इंग्रजीत, वकिली भाषेत सिद्ध करायचा होता. १९९७ साली त्यांनी आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि सगळ्यांनी मिळून त्यावर आपली भूमी रंगवली. प्रत्येकाने आपापले पाणवठे काढले, जे कधी आटत नाहीत आणि ज्यांना ते ‘जिला’ म्हणतात. मग लवादासमोर एकेक जण चित्रातल्या आपल्याच भागावर जाऊन उभा राहिला आणि पायाखालच्या पाण्याबद्दल आपल्या भाषेत बोलला. दुसऱ्याच्या भागाबद्दल कुणी बोललं नाही, तो हक्कच नव्हता. हा सातबारा आहे, फक्त तो पायांखाली धरून वाचायचा असतो. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला.

‘केव्हाच संपलं.’

संपवायचा प्रयत्न झाला, हे खरं. मुलं आईबापांपासून तोडून नेली, ते विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापर्यंत चाललं. अडीचशेहून अधिक भाषा होत्या, आज त्यातल्या जेमतेम डझनभर भाषा मुलं घरात मातृभाषा म्हणून शिकतात. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीतला ४६,००० वर्षांच्या वस्तीच्या खुणा असलेला दगडी निवारा रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवला. तिथे माणसाच्या केसांची चार हजार वर्षांपूर्वीची वेणी सापडली होती, आणि तिचं नातं आजच्या पुटु कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो निवारा म्हणजे घरातलीच जागा.

पण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये पावसाळा सरला, गवत वरून वाळलं आणि बुडाशी अजून ओल आहे, अशा वेळी आजही मूळ रहिवाशांचे वनरक्षक डोंगरपठारावर छोट्या छोट्या आगी लावत जातात. थंड आग, जी संध्याकाळच्या दवाने आपोआप विझते. कोरड्या मोसमाच्या अखेरीस भडकणाऱ्या मोठ्या वणव्याला मग खायला काही उरत नाही. कुठलं गवत कधी पेटवायचं हे वृद्धांनी सांगितलं, उपग्रहाची चित्रं वैज्ञानिकांनी जोडली. २००६पासून हे काम करारबद्ध पद्धतीने चालू आहे आणि मोठे वणवे टळल्याने हवेत न गेलेल्या कार्बनचे पैसे त्या लोकांना मिळतात. दर वर्षी एप्रिल-मे आला की तिथे कुणी तरी म्हातारी बोट दाखवते, आणि कुणी तरी नातू काडी ओढतो.