नटापाशी बँड बांधला म्हणून बेसवरचे टॅपिंग स्वच्छ होत नाही

बेस गिटारवर टॅपिंग, म्हणजे तार न छेडता बोट थेट तारेवर आपटून स्वर काढण्याची पद्धत, शिकू पाहणाऱ्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय असा असतो: "टॅपिंग करताना नको त्या तारा वाजत असतील, तर नटापाशी केसांचा बँड किंवा कापडी पट्टा बांधा, तारा जमतील तितक्या खाली, फ्रेटजवळ घ्या, बोट जोरात आपटा, आणि तरीही काही ऐकू आले तर नॉइज गेट लावा. हाताच्या स्पर्शाने तारा गप्प ठेवण्याचे तंत्र शिकण्यात वेळ घालवू नका." (नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी, खुंट्यांच्या आधी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी; नॉइज गेट म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे उपकरण.) सल्ल्याचा पहिला भाग अर्धवट खरा आहे, मधले भाग बरेचसे दिशाभूल करणारे आहेत आणि शेवटचे वाक्य सरळ चुकीचे आहे. हे वाक्य मानून सराव करणाऱ्याचे हात चुकीच्या सवयींत घट्ट होत जातात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

आधी नको असलेला आवाज येतो कुठून ते पाहू. बोट तारेवर पडून तार फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, टेकली की तिचे दोन भाग होतात. फ्रेटपासून ब्रिजपर्यंतचा (तारा बेसच्या धडावर जिथे टेकतात तिथपर्यंतचा) भाग हवा तो स्वर देतो आणि फ्रेटपासून नटापर्यंतचा भाग स्वतःचा वेगळा स्वर देतो. सातव्या फ्रेटवर टॅप केल्यास नटाकडे तारेचा एक तृतीयांश भाग उरतो, म्हणजे तो खुल्या (कुठेही न दाबलेल्या) तारेच्या तिप्पट कंपनसंख्येने कंप पावतो. मग बोट उचलले जाते, उचलताना ते तारेला किंचित ओढते, आणि पूर्ण तार खुली वाजू लागते. तिसरा स्रोत अनुनादाचा. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता जशा बोलतात, तशाच बेसच्या मोकळ्या तारा शेजारच्या स्वराने जाग्या होतात. बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी आणि जी अशा असतात. डी तारेच्या पाचव्या फ्रेटवर टॅप केले की येणारा स्वर ९८ हर्ट्झचा, म्हणजे खुल्या जी तारेचाच असतो. ए तारेच्या चौदाव्या फ्रेटवर सुमारे १२३.५ हर्ट्झचा बी येतो आणि ४१.२ हर्ट्झच्या खुल्या ई तारेचा तिसरा हार्मोनिक (मूलस्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर) त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. याखेरीज शेजारच्या तारेला चुकून लागलेले बोट आणि फ्रेटवर धातू आपटल्याचा खडखडाट हे दोन आवाज आहेतच.

आता बँडकडे येऊ. नटाकडच्या भागाचे कंपन तो चांगले शोषतो, आणि खुल्या तारांचे अनुनादही बऱ्याच अंशी दाबतो. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र तारेच्या टोकाजवळ मूलस्वराचे दोलन फार लहान असते. ३४ इंची स्केलच्या बेसवर पहिला फ्रेट नटापासून जेमतेम ४८ मिलिमीटरवर असतो आणि तिथे मूलस्वराचे दोलन तारेच्या मध्याशी असलेल्या दोलनाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकेच असते. त्यामुळे तिथला मऊ बँड वरचे हार्मोनिक पटकन विझवतो, पण जाड तारेचा खालचा गुंजारव काही काळ रेंगाळू देतो. तो थांबवण्यासाठी बँड पुढे सरकवला तर खालचे फ्रेट हातचे जातात, आणि फार आवळला तर तारा ताणल्या जाऊन स्वर चढतो. बँड नटाच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला बसवला तर तो फक्त तिकडचे तारांचे तुकडे शांत करतो. शेजारच्या तारेला लागलेले बोट आणि फ्रेटवरचा खडखडाट यांना बँड रोखू शकत नाही. शिवाय रचनेत खुली तार मुद्दाम वाजवायची असेल, तर बँड त्या स्वराचाही गळा दाबतो.

या ठिकाणी नामवंतांचे दाखले दिले जातात. अमेरिकन बेसवादक व्हिक्टर वुटन यांच्या बेसवर नटाजवळ केसांचा बँड अनेकदा दिसतो, हे खरे आहे. अमेरिकन वादक एमेट चॅपमन यांनी १९६९ साली दोन्ही हातांनी टॅप करण्याची आपली पद्धत शोधली आणि १९७४ पासून विक्रीस आलेल्या चॅपमन स्टिकला नटाजवळ दाबपट्टी आहे, हेही खरे आहे. पण स्टिक हे मुळात केवळ टॅपिंगसाठी घडवलेले वाद्य आहे आणि त्यावर खुल्या तारा वाजवण्याची अपेक्षाच नसते. वुटन यांच्या उजव्या आणि डाव्या हातांचे अंगठे, तळवे आणि मोकळी बोटे काय करतात हे नीट पाहिले, तर बँड हा त्यांच्या वादनाचा एक लहानसा घटक आहे हे ध्यानात येते.

तारा खाली घेण्याच्या सल्ल्यात तथ्य एवढेच की तार खाली असली की टॅप करायला जोर कमी लागतो. अति खाली घेतल्यास तार पुढच्या फ्रेटवर घासून खरखर करते, आणि त्याहून मोठी अडचण अशी की जे बोट तार नुसती झाकण्यासाठी, म्हणजे हलक्या स्पर्शाने गप्प ठेवण्यासाठी, ठेवले आहे तेच तिला फ्रेटवर टेकवून न मागितलेला स्वर वाजवते. झाकण्यासाठी हलक्या स्पर्शाला थोडी जागा लागते; ती जागा उरेल इतकीच उंची कमी करावी.

जोरात आपटण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत घातक वाटतो. स्वराची स्पष्टता बोटाचा वेग आणि ते पडण्याची जागा यांवर ठरते. फ्रेटच्या अगदी मागे, जवळून आणि सरळ पडलेले बोट कमी श्रमात स्वच्छ स्वर देते. त्यापलीकडचा जोर स्वर किंचित चढवतो, खडखडाट वाढवतो आणि बेसच्या मानेतून पसरणारा धक्का उरलेल्या सर्व तारांना हलवतो. ज्या आवाजाची तक्रार होती तोच या उपायाने वाढतो.

नॉइज गेट कसे चालते हे समजले की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते. तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या बेसच्या नेहमीच्या मॅग्नेटिक पिकअपमधून सर्व तारांचा एकच मिसळलेला सिग्नल बाहेर पडतो, आणि गेट त्याची फक्त पातळी मोजते. हवा तो स्वर चालू असताना गेट उघडेच असते, त्यामुळे त्याच्याबरोबर गुंजणारी तार निर्वेध आत येते. स्वर विरू लागला की गेट बंद होते आणि त्याची शेपूट तोडते. अनेकजण टॅपिंगचा आवाज बारीक पडतो म्हणून गेटच्या आधी कॉम्प्रेसर लावतात. तो हळू आवाजांना मोठ्या आवाजांच्या जवळ आणतो, म्हणजे गुंजारवालाही वर उचलतो आणि गेटचे काम आणखी अवघड करतो.

उरतो तो हाताच्या तंत्राला निरर्थक ठरवणारा दावा. नेहमीच्या दोन हातांच्या टॅपिंगमध्ये डावा हात ई आणि ए तारांवर खालचे स्वर वाजवतो, तर उजवा हात वरच्या फ्रेटवर डी आणि जी तारांवर चाल वाजवतो. उजव्या हाताचा स्वर त्याच्या बोटापासून ब्रिजपर्यंतच्या भागात असतो. डावा हात त्या बोटाच्या नटाकडच्या बाजूला असल्यामुळे डाव्या बोटांची खालची पेरे डी आणि जी तारांवर अलगद टेकलेली राहिली, तरी उजव्या हाताच्या स्वराला काहीही बाधा येत नाही. उजवे बोट उठताच मात्र ती तार डाव्या हाताच्या स्पर्शाखाली असते आणि गप्प होते. नटापाशी बांधलेल्या बँडपेक्षा हा स्पर्श तारेच्या अधिक आतल्या भागात असतो, त्यामुळे तो खालचा गुंजारवही दाबतो आणि खुली तार हवी असेल तेव्हा हात उचलून ती मोकळीही करता येते. एकच काळजी घ्यावी लागते. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकाच बोटाचा हलका स्पर्श झाला, तर तार गप्प होण्याऐवजी हार्मोनिक वाजवते, म्हणून झाकताना निदान दोन बोटे टेकलेली असावीत.

डाव्या हाताच्या ई आणि ए तारांना ही सोय नाही. त्यांचा कंप पावणारा भाग उजव्या हाताखालून ब्रिजपर्यंत जातो, आणि उजव्या तळव्याने त्यांना स्पर्श केल्यास स्वरच मरतो. तिथे डाव्या बोटानेच उठण्याची रीत बदलावी लागते: आधी दाब सोडायचा, तार फ्रेटपासून सुटेपर्यंत बोट तिच्यावर टेकूनच ठेवायचे, कंपन थांबले की सरळ वर उचलायचे. बाजूला ओढत उचललेले बोट तार छेडते आणि पुल-ऑफ होतो, म्हणजे बोट निघतानाच तार नव्याने वाजते. बँड बांधून सराव करणाऱ्याला हा दोष ऐकूच येत नाही, कारण खुली तार लगेच मंदावते आणि मागे राहतो तो 'ठप' असा बारीक आवाज, जो अँपवर वाजवताना स्पष्ट कळतो.

म्हणून सराव बँड काढून, हेडफोन लावून करावा. अँपशिवाय कानाला ऐकू येणारा नटाकडचा आवाज मॅग्नेटिक पिकअपपर्यंत फारसा पोहोचत नाही, तेव्हा त्याच्यामागे लागून वेळ दवडण्याचे कारण नाही. एका तारेवर एकच स्वर टॅप करून, बोट उठल्यानंतरची शांतता ऐकत, अगदी संथ लयीत हे करावे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी उरलेला अनुनाद दाबण्यासाठी बँड खुशाल बांधावा, आणि खुली तार लागणारी रचना असेल तर तो नटापलीकडे सरकवून ठेवावा.